कांदा चाळ बांधताना : सांगाडा कसा निवडावा, कोटेशन कसे तपासावे

नाशिक जिल्ह्यात उन्हाळ कांद्याची काढणी साधारण मार्च ते मे या काळात होते आणि चांगला सुकवलेला कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चाळीत राहतो. काढणीच्या वेळी लासलगाव, पिंपळगाव बसवंत, उमराणे अशा बाजारांत आवक एकदम वाढते. त्या वेळी कांदा विकायचा की थांबायचे, हे ठरवण्याची मोकळीक ज्याच्याकडे चाळ आहे त्यालाच मिळते. त्यामुळे दरवर्षी अनेक शेतकरी नवी चाळ बांधायला काढतात, गावातल्या किंवा तालुक्याच्या फॅब्रिकेटरकडून दोन-तीन कोटेशन घेतात आणि बहुधा सर्वांत कमी आकड्याला हो म्हणतात.

अडचण अशी, की तिन्ही कोटेशनमध्ये ‘२५ टनांची चाळ’ असे लिहिलेले असले, तरी ती एकच चाळ नसते. एकाने पाइपची जाडी लिहिलेली नसते, दुसऱ्याने पाया धरलेला नसतो, तिसऱ्याने जाळी वगळलेली असते. फरक कळतो तो पहिल्या वादळात किंवा चाळ भरल्यावर तळ वाकू लागतो तेव्हा. २५ टन म्हणजे २५० क्विंटल कांदा. समजा भाव क्विंटलला १,५०० रुपये धरला, तर चाळीतल्या मालाची किंमत ३ लाख ७५ हजार रुपये होते. त्यातला १० टक्के माल जरी जास्तीचा सडला, तरी ३७,५०० रुपये गेले. कोटेशनमध्ये वाचवलेले वीस-पंचवीस हजार एकाच हंगामात असे परत जाऊ शकतात. म्हणून दर विचारण्याआधी चाळीवर भार किती येतो आणि तो पेलायला कोण किती लोखंड देतो, हे पाहा.

आधी चाळीचे माप पक्के करा

कोटेशन मागण्यापूर्वी माप तुम्ही ठरवा, ठेकेदारावर सोडू नका. २५ टनांच्या दोन पाखी, तळातून व बाजूंनी हवा खेळणाऱ्या चाळीचे नेहमीचे माप असे असते :

- लांबी ४० फूट, प्रत्येक पाखीची रुंदी ४ फूट, कांद्याच्या थराची उंची जास्तीत जास्त ५ फूट.
- दोन पाख्यांमध्ये ४ ते ५ फुटांचा मार्ग. आपण पुढच्या हिशोबासाठी ५ फूट धरू.
- तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच.
- छपराला दोन्ही बाजूंना पुरेसा उतार आणि कांद्याच्या बाजूपासून सुमारे ३ फूट बाहेर आलेले पाखे, म्हणजे पावसाची झड आणि दुपारचे ऊन थेट कांद्यावर येत नाही.
- दोन पाखी चाळीची लांबी पूर्व-पश्चिम, एक पाखी चाळीची दक्षिणोत्तर.

क्षमता स्वतः पडताळून पाहा. ४० × ४ × ५ फूट म्हणजे ८०० घनफूट आणि दोन पाख्यांचे १,६०० घनफूट. एका घनफुटात साधारण १६ किलो कांदा मावतो, म्हणजे २५,६०० किलो. एखाद्या कोटेशनमध्ये लांबी ३५ फूट आणि क्षमता मात्र २५ टन लिहिली असेल, तर ठेकेदाराने थर पावणेसहा फुटांपर्यंत धरला आहे असे समजा. इतक्या उंच थरात खालचा कांदा दबतो, मधली हवा कोंडते आणि सड वाढते.

भार कुठे येतो?

चाळ पाहताना आपले लक्ष छपराकडे जाते. प्रत्यक्षात सर्वांत जास्त वजन तळावर असते. ५ फूट थराचा भार चौरस फुटाला ५ × १६, म्हणजे ८० किलो होतो. खांब दर ५ फुटांवर असतील, तर पाखीच्या एका गाळ्यात (५ × ४ फूट) १,६०० किलो कांदा बसतो. हे वजन पाच-सहा महिने हलत नाही. तळाच्या आडव्या अँगलला किंवा बल्लीला मधोमध टेकू आहे की नाही, हा म्हणून कोटेशनमधला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ४ फूट रुंदीच्या मधोमध विटांचा किंवा सिमेंटचा एक टेकू दिला, की आडव्या अँगलला वाकवणारा ताण साधारण एक चतुर्थांशावर येतो. टेकू वगळून जाड अँगल घालण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आणि भरवशाचा आहे.

दुसरा भार बाजूंवर येतो. कांद्याचा ढीग बाहेरच्या बाजूला सरकू पाहतो आणि हा रेटा तळाजवळ सर्वांत जास्त असतो. म्हणून बाजूच्या पट्ट्या खाली जवळजवळ आणि वर थोड्या विरळ चालतात. सगळीकडे सारखे अंतर ठेवून खालच्या पट्ट्या फुगू देऊ नका.

तिसरा भार वाऱ्याचा, आणि तो वर उचलणारा असतो. भारतीय मानकांत नाशिकसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. या वेगाला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोंच्या आसपास जातो. पाखे धरून या चाळीचे छप्पर ४० × १९ फूट, म्हणजे जवळपास ७० चौरस मीटर होते. ढोबळ हिशोबाने वारा ६ टनांहून अधिक जोर लावून ते उचलू पाहतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला जेमतेम ४ ते ५ किलोंचा असतो. त्याचे वजन वाऱ्यापुढे काहीच नाही. छप्पर टिकते ते पत्र्याच्या हुकांमुळे, कैची आणि खांबाच्या जोडामुळे आणि खांबाखालच्या काँक्रीटमुळे.

काँक्रीटचा फरकही आकड्यांत पाहा. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात सुमारे ६५ किलो काँक्रीट बसते. ३६ खांबांचे मिळून सव्वादोन टनांच्या आसपास. दीड फूट चौरस आणि दोन फूट खोल खड्ड्यात सुमारे २९० किलो बसते, म्हणजे ३६ खांबांचे १० टनांहून अधिक. एप्रिल-मे महिन्यांतल्या वादळी पावसात कोणती चाळ जागेवर राहील, हे यावरून कळते. अंतिम आराखडा मात्र अभियंत्याकडून तपासून घ्या. मातीचा प्रकार, विशेषतः खोल काळी जमीन, पायाची खोली बदलू शकते.

सांगाड्याचे चार पर्याय

१. बांबू आणि लाकूड : सुरुवातीचा खर्च कमी, लोखंडासारखे तापत नाही, गावातल्या माणसाकडून दुरुस्ती होते. मात्र प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीला टेकलेला असेल, तर १ ते ३ वर्षांत खराब होतो. छपराखाली कोरडा राहिला तर ४ ते ७ वर्षे चालतो. वाळवी हा मोठा धोका. त्यामुळे खांब बांबूचे न घेता तळ आणि बाजूंसाठी बांबू वापरणे शहाणपणाचे. छोट्या, ५ ते १० टनांच्या चाळीसाठी हा पर्याय अजूनही योग्य आहे.

२. साधे लोखंड (एमएस अँगल किंवा पाइप) : सर्वत्र मिळते, जोडकाम सोपे, वजनावर मोजता येते. कमकुवत जागा म्हणजे गंज, आणि तो सुरू होतो जमिनीलगत आणि वेल्डिंगच्या जोडांवर. सडलेल्या कांद्याचे पाणी तळाच्या अँगलवर पडते, तिथेही गंज लवकर धरतो. रेड ऑक्साइडचा एक आणि रंगाचे दोन हात कोटेशनमध्ये लिहून घ्या. चाळ रिकामी झाली की दरवर्षी तळ घासून रंगाचा हात फिरवावा लागेल, हे धरून चाला.

३. जीआय पाइप : जस्ताचा थर असल्याने गंजाला जास्त काळ तोंड देतो. पण ‘जीआय’ या एका नावाखाली दोन माल विकले जातात. एक, पाइप तयार झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवलेला. दुसरा, आधीच पातळ जस्त चढवलेल्या पत्र्यापासून वळवलेला, त्याला बाजारात जीपी म्हणतात. पहिल्यावरचा थर जाड असतो. कोटेशनमध्ये नेमके कोणते ते लिहून घ्या. वेल्डिंग केले की त्या जागचे जस्त जळते, म्हणून प्रत्येक जोडावर जस्तयुक्त रंग हवा. तो नसेल, तर जीआयचे जास्तीचे पैसे जोडांवर वाया जातात.

४. आरसीसी किंवा सिमेंटचे खांब आणि वर लोखंडी कैची : जमिनीलगतच्या गंजाचा प्रश्न मिटतो आणि तळाचा भार उत्तम पेलला जातो. खर्च आणि वेळ जास्त लागतो, चाळ पुढे हलवता येत नाही. स्वतःची पक्की जागा आणि दरवर्षी मोठा साठा असेल, तर विचार करण्याजोगा पर्याय. खांबाच्या डोक्यावर कैची पकडणारे बोल्ट काँक्रीट ओततानाच बसवलेले असावेत, नंतर भोक पाडून नव्हे.

ज्यांनी द्राक्षबाग काढली आहे, त्यांच्याकडे मांडवाचा जुना अँगल पडून असतो. तो वापरता येतो, पण जमिनीत गाडलेला, गंजलेला भाग कापून टाका. उरलेला अँगल बाजूच्या पट्ट्यांना वापरा. तळाचा भार त्याच्यावर देऊ नका.

छपरासाठी सिमेंटचा पत्रा लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापतो, म्हणून चाळीसाठी तो बरा. साठवणीत तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के असावी, अशी शिफारस आहे. लोखंडी पत्राच घालायचा असेल, तर वरून पांढरा रंग आणि उन्हाळ्यात पाचटाचे आच्छादन करा. ६ मिलिमीटर जाडीच्या नालीदार सिमेंट पत्र्याखाली दोन पर्लिनमधले अंतर १.४ मीटरपेक्षा (सुमारे साडेचार फूट) जास्त नको. काही कोटेशन स्वस्त दिसतात ती एक पर्लिन कमी केल्यामुळे.

‘दोन इंची पाइप’ म्हणजे किती किलो?

कोटेशनमधली सर्वांत मोठी पळवाट जाडीत असते. दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर असतो. जाडी बदलली की वजन असे बदलते :

- २ मिलिमीटर जाडी : मीटरला सुमारे २.९ किलो
- २.९ मिलिमीटर (हलका वर्ग) : मीटरला सुमारे ४.१ किलो
- ३.६ मिलिमीटर (मध्यम वर्ग) : मीटरला सुमारे ५ किलो

हिशोब स्वतः करायचा असेल, तर सूत्र सोपे आहे : बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, येणाऱ्या आकड्याला जाडीने गुणा आणि मग ०.०२४७ ने गुणा. मापे मिलिमीटरमध्ये घेतली, की उत्तर मीटरला किलोमध्ये येते. अँगलचेही तसेच. ५० × ५० मिलिमीटरचा अँगल ३ मिलिमीटर जाडीत मीटरला २.३ किलो, तर ६ मिलिमीटर जाडीत ४.५ किलो भरतो. दोन्हींना बोलताना ‘दोन इंची अँगल’च म्हणतात.

आपल्या चाळीत ४ रांगांत ९-९, असे ३६ खांब आहेत. सरासरी उंची १० फूट धरली, तर सुमारे ११० मीटर पाइप लागतो. २ मिलिमीटरचा घेतला तर जवळपास ३१७ किलो, ३.६ मिलिमीटरचा घेतला तर ५५३ किलो. नुसत्या खांबांत २३६ किलोंचा फरक पडला आणि कागदावर दोन्हीकडे शब्द एकच आहेत.

दोन कोटेशन एका पातळीवर आणणे

खालचे आकडे पद्धत समजावण्यासाठी धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून घेऊ नका. समजा, ‘अ’ ठेकेदार उक्ते २ लाख ४० हजार सांगतो आणि ‘ब’ २ लाख ७८ हजार. दोघांनी जीएसटी धरला आहे. वरवर ‘अ’ ३८ हजारांनी स्वस्त आहे. आता ‘अ’ने काय सोडले ते त्यात मिळवू :

- पायाचे काँक्रीट आणि तळाचे टेकू : २०,००० रुपये
- वाहतूक आणि उतराई : ६,००० रुपये
- बाजूची जाळी व पट्ट्या : १४,००० रुपये
- खांबांच्या पाइपमधील २३६ किलोंचा फरक, जोडकामासह किलोला १०० रुपये धरून : २३,६०० रुपये

बेरीज केल्यावर ‘अ’ची चाळ ३ लाख ३ हजार ६०० रुपयांची होते, म्हणजे ‘ब’पेक्षा २५ हजार ६०० रुपयांनी महाग. काही वेळा उलटही घडते आणि स्वस्त कोटेशन खरोखर स्वस्त निघते. ते ठरवायला हाच मार्ग आहे : प्रत्येक ठेकेदाराला एकच नकाशा आणि एकच यादी द्या आणि प्रत्येक बाबीपुढे आकडा मागा. ‘सर्व मिळून इतके’ असे उत्तर घेऊ नका.

यादीत या बाबी असाव्यात :

1. लांबी, रुंदी, थराची उंची, तळाची जमिनीपासून उंची, पाख्यांची लांबी.
2. खांब, तळ, कैची आणि पर्लिन यांचे माप, जाडी व एकूण वजन, वेगवेगळे.
3. खड्ड्याचे माप, काँक्रीटचे प्रमाण, बेस प्लेट आणि बोल्ट.
4. तळाला टेकू किती आणि कशाचे.
5. पत्र्याचा प्रकार, जाडी, हुकांची संख्या.
6. वेल्डिंग पूर्ण घेराचे की फक्त टाके, रंगाचे हात.
7. वाहतूक, उतराई, विजेचा खर्च, जीएसटी कोणाकडे.
8. काम पूर्ण करण्याची तारीख आणि पैशांचे टप्पे.

दर चौरस फुटाने सांगितला असेल, तर तो छपराच्या क्षेत्रावर आहे की तळाच्या, हे विचारा. याच चाळीत छप्पर ७६० चौरस फूट आहे आणि कांद्याचा तळ ३२० चौरस फूट. एकच दर दोन अर्थांनी लावला, तर रक्कम दुपटीहून जास्त बदलते.

माल उतरवताना आणि पैसे देताना

लोखंड आले की गाडी वजनकाट्यावर भरलेली आणि रिकामी तोलून पावती घ्या. पाइपच्या कापलेल्या तोंडाला व्हर्नियर लावून जाडी पाहा. तो नसेल, तर एक मीटरचा तुकडा कापून साध्या तराजूत तोला. पैसे चार टप्प्यांत द्या : थोडी उचल, माल जागेवर मोजून घेतल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर, आणि शेवटचा हप्ता पत्रे, जाळी व रंग तपासल्यावर. हा शेवटचा हप्ता एकूण रकमेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी नसावा. खड्ड्यात काँक्रीट पडते त्या दिवशी स्वतः जागेवर थांबा, कारण नंतर ते पाहता येत नाही.

अनुदान घेणार असाल तर

महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यानंतरच काम सुरू करा. आधी बांधलेली चाळ अनुदानात बसत नाही. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या निकषांत २५ टनांच्या चाळीचा खर्च १ लाख ७५ हजार रुपये धरून ५० टक्के, म्हणजे ८७,५०० रुपये अनुदान होते. निकष पुढे बदलले आहेत, म्हणून चालू दर आणि मंजूर आराखडा तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून घ्या. कोटेशन त्याच आराखड्यावर मागा. माप कमी भरले, तर मोजणीच्या वेळी अडचण येते. ठेकेदाराकडून जीएसटीचे पक्के बिल मिळेल का, हेही सुरुवातीलाच विचारा. बिल न देणारा ठेकेदार स्वस्त वाटतो, पण अनुदानाच्या फाइलला त्याचा उपयोग नाही.

ट्रॅक्टर शेडला हाच हिशोब लागू आहे का?

पद्धत तीच, भार वेगळा. ट्रॅक्टर आणि ब्लोअरचे वजन थेट जमिनीवर जाते, त्यामुळे शेडच्या सांगाड्याला पेलायचे असते छप्पर आणि वारा. समोरची बाजू उघडी असल्याने वारा आत शिरून छपराला खालून उचलतो, म्हणून पाया आणि तिरपे आधार इथे जास्त महत्त्वाचे. चाळीचेच कोटेशन ‘थोडे रुंद करून’ शेडला वापरू नका. कैचीचा गाळा रुंद झाला, की तिचे लोखंडही बदलावे लागते.

वेळापत्रक

कांदा मार्चमध्ये काढणीला येणार असेल, तर कोटेशन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मागा, जानेवारीत पाया घ्या आणि फेब्रुवारीअखेर रंग वाळू द्या. मार्चमध्ये फॅब्रिकेटरकडे गर्दी असते, दर चढतात आणि शेतात कांदा सुकत असताना तपासणीला वेळ उरत नाही. यंदा बांधायची असेल, तर वरची यादी एका कागदावर उतरवून त्याच्या तीन प्रती काढा आणि तिन्ही ठेकेदारांना एकाच दिवशी द्या. कृषी सहायकांनी गावच्या बैठकीत एका भरलेल्या चाळीजवळ उभे राहून गाळ्याचा १,६०० किलोंचा हिशोब करून दाखवला, तर तळाला टेकू का हवा हे वेगळे सांगावे लागणार नाही.